रॉकेलचा बोळा, पिवळी रेघ

जुने फोटो काळेपांढरे, म्हणून वाफेचं इंजिनही काळंच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पोरांच्या चित्रकलेच्या वहीत आगगाडीचे डबे लाल, निळे, हिरवे असतात आणि इंजिनाला मात्र काळा खडू. खरं तर रेल्वे सुरू झाल्यावर कितीतरी वर्षं इंजिनाएवढी रंगीत वस्तू रुळांवर दुसरी नव्हती. 1869 साली अमेरिकेतल्या युटामध्ये, प्रॉमंटरी इथे, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून टाकत आणलेले रूळ एकमेकांना भेटले. त्या वेळी समोरासमोर उभ्या असलेल्या दोन इंजिनांचा फोटो जगभर गेला. एकाचं नाव ज्युपिटर, दुसऱ्याला नुसता 119 हा नंबर. फोटोत दोन्ही गडद, जवळजवळ काळी. 1979 साली त्यांच्या हुबेहूब प्रती तयार करून त्याच जागी चालवायला आणल्या, तेव्हा रंगीत चाकं, पितळेचे पट्टे, केबिनवरची सोनेरी नक्षी बघून लोक थक्क झाले. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर निळा रंग फिका उमटायचा आणि लाल रंग काळा. लाल चाकाचं काळं चाक कॅमेऱ्याने केलं.

रंगाबद्दल मी एवढं बोलते याला कारण आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मंगळवार पेठेत बोर्ड रंगवायचे. कोल्हापुरात पेंटर या शब्दाला एक वजन आहे. चित्रकार आणि सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर याच गावचे, आणि त्यांच्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत या गावात ब्रश धरणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. अण्णा काही त्या मोठ्या मंडळींच्या पंगतीतले नव्हते. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे हौदे, सोसायट्यांचे फलक हे त्यांचं काम. पण पट्टी न लावता, हात टेकवायच्या काठीवर मनगट ठेवून, पाच-सहा फूट लांब रेघ ते एका दमात ओढायचे. पुढे डिजिटल फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम संपलं. मी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, मशिनरीच्या रंगकामाकडे वळले. लेथ, पंप, ऊस गाळायचे चरक, ऑइल इंजिनांची बॉडी. लोखंडाला रंग लावायचा म्हणजे काय, हे तिथे कळलं. आणि त्याच्याही आधी लोखंड पुसायचं म्हणजे काय, हे कळलं ते आमच्या शेजारच्या तात्यांमुळे.

तात्या मिरजेच्या लोको शेडमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. पण तिथे ते ड्रायव्हर म्हणून लागलेच नव्हते. तसं कुणीच लागत नसे. आधी क्लीनर, मग सेकंड फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, फर्स्ट फायरमन, शंटर, म्हणजे यार्डात डबे हलवणारा, मालगाडीचा ड्रायव्हर, आणि नशीब, डोळे व प्रकृती नीट राहिली तर मेलचा. वाफेच्या काळात बऱ्याच देशांत शिडी हीच. इंग्लंडात चौदा-पंधरा वर्षांची पोरं रात्रपाळीला इंजिनाखाली शिरायची. अमेरिकेत त्यांना वायपर म्हणायचे. ज्याच्या हातात पुढे कधी रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, यायचा, त्याच्या हातात आधी कित्येक वर्षं रॉकेलचा बोळा असायचा.

तात्या सांगायचे ती हकीकत मी शक्यतो त्यांच्याच क्रमाने लिहिते. इंजिन शेडमध्ये यायचं ते दमून, तापून, राखेने माखून. आधी राखेच्या खड्ड्यावर उभं करायचं, आग पाडायची, अॅशपॅन, म्हणजे भट्टीखालची राखेची पेटी, मोकळा करायचा. मग पुढचं गोल दार उघडून स्मोकबॉक्समधली, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीतली, राख फावड्याने काढायची. त्या दाराची कड स्वच्छ पुसून घ्यायची, कारण दार नीट बसलं नाही आणि कुठून हवा आत शिरली, तर आगीला ओढ मिळत नाही आणि वाफ कमी पडते. म्हणजे पहिलं पुसणं दिसण्यासाठी नसायचंच. त्यानंतर क्लीनरांची टोळी अंगावर चढायची. वरचा माणूस बॉयलरवर, दोघं बाजूला, आणि सगळ्यांत नवखा चाकांच्या आत, चाकांना जोडणाऱ्या रॉडच्या मागे, जिथे ग्रीस, कोळशाची पूड आणि रुळांवरची धूळ यांची जाड साय धरलेली असायची. ती आधी पत्र्याने खरवडायची, मग रॉकेलमध्ये भिजवलेल्या कॉटन वेस्टने, म्हणजे सुताच्या टाकाऊ गुंत्याने, पुसायची, मग कोरड्याने, आणि शेवटी तेलाच्या बोटाने. खाली माणूस असताना इंजिन कुणी हलवू नये म्हणून पाटी लावलेली असायची. तरी तात्यांचा एक हात कायम चाकाच्या आऱ्यावर असायचा. ती सवय त्यांची म्हातारपणीही गेली नव्हती. जिन्यावरून उतरतानासुद्धा ते कठडा तसा धरायचे.

"अगं, इंजान पुसायचं म्हंजे काय धूळ झाडायची न्हवं," ते म्हणायचे. "त्याच्या अंगाव हात फिरवायचा."

या वाक्याचा अर्थ मला बेंदराला कळला. आमच्या आजोळी बेंदराच्या दिवशी बैल नदीवर नेऊन घासायचे. शिंगांना हिंगूळ आणि बेगड नंतर लागायचं, आधी मामा बैलाच्या पायावरून, वशिंडावरून, मानेवरून पाण्याचा हात फिरवत न्यायचे आणि मध्येच एका जागी थांबायचे. तिथे सूज असायची, नाहीतर जुवाने धरलेला घट्टा, नाहीतर काटा मोडलेला. वर्षभर रोज नजरेसमोर असलेला बैल, पण दुखणं सापडायचं ते हाताला. क्लीनरचा हात हेच काम करायचा.

इंजिनात काय काय सापडायचं? बॉयलरला कुठे झिरप असेल तर पाणी वाफ होऊन उडून जातं आणि मागे पांढऱ्या क्षाराचा ओघळ राहतो. स्वच्छ पत्र्यावर तो लांबून दिसतो, काजळीखाली मात्र महिनोन्महिने दडून राहतो. स्प्रिंगचं एखादं पान मोडलेलं असतं. नट ढिला झाला की त्याच्याभोवती गंजाची तांबूस भुकटी जमते. चाकावर पोलादी टायर तापवून चढवलेला असतो. तो चाकावर फिरू लागला का, हे कळावं म्हणून टायर आणि चाक दोन्हींवरून जाईल अशी रंगाची आडवी खूण करतात. खूण तुटलेली दिसली, की टायर सरकला. ती खूण चिखलाने भरली असेल, तर असून नसल्यासारखी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रॉड. पिस्टनचा जोर चाकापर्यंत नेणारे ते लांब पोलादी दांडे. ते कधीही रंगवायचे नाहीत. घासून उघडे, चकचकीत ठेवायचे आणि वर तेलाचा पातळ हात द्यायचा. लोक समजतात ती शोभा. मुळात ती खबरदारी. केसाएवढी चीर पडली तरी उघड्या पोलादावर ती काळ्या रेघेसारखी दिसते. रंगाखाली ती दिसत नाही.

या चिरांची भीती रेल्वेला फार लवकर बसली. 1842 साली मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. आस तसा मजबूत होता, पण फिरून फिरून, वाकून वाकून आतून थकला होता. लोखंड थकतं ही गोष्ट इंजिनियर लोकांनी मनावर घेतली ती या अपघातानंतर. पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या इंजिनियरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्या थकण्याचं शास्त्र उभं केलं. शास्त्र झालं ते छानच झालं, पण रोज रात्री ती चीर शोधायला शेडमध्ये शास्त्रज्ञ नव्हता, पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता.

वर्कशॉपमध्ये आणखी एक पद्धत होती. रॉड किंवा आस तेलात, रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, बाहेर काढून पार कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूच्या भुकटीचा पातळ हात मारायचा. थोडा वेळ थांबलं, की चिरेत शिरून बसलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर तिची काळी रेघ उमटते. आमच्या उद्यमनगरात कास्टिंग तपासताना आजही जुने मिस्त्री रॉकेल आणि खडू मागवतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा घरी जाऊन तात्यांना कौतुकाने सांगायला गेले. ते हसले आणि म्हणाले, "आम्ही तेच करत हुतो की गं, खडूबिगर."

इथे कोल्हापूरच्या लाइनीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. कोल्हापूर-मिरज रेल्वे संस्थानाने बांधली. 1888 साली तिचा पाया घातला गेला तेव्हा शाहू महाराज चौदा वर्षांचेही नव्हते, आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराची लाइन, चालवायला सदर्न मराठा रेल्वे. त्या कंपनीचा मोठा कारखाना हुबळीला, 1885 पासूनचा. म्हणजे हातकणंगले, रुकडी, वळिवडे करत पंचगंगेवरून येणाऱ्या गाडीच्या इंजिनांचं घर होतं मिरज-हुबळीकडे. कोल्हापूर हे शेवटचं ठाणं. गूळ, माणसं आणि पत्रं घेऊन परत फिरायचं. इथल्या पावसाचा मात्र त्या इंजिनांना त्रास असणार. आषाढात आमच्याकडे उघडं लोखंड रात्रीत तांबूस होतं. कार्यशाळेत दुपारी घासलेली प्लेट प्रायमर न मारता तशीच ठेवली, तर सकाळी ती पुन्हा घासावी लागते. उघड्या रॉडला रोज तेलाचं बोट का लागायचं, हे कुणाला समजावून सांगायची गरज मृगापासून हस्तापर्यंत या भागात पडत नाही.

आता रंगाकडे येते.

इंजिनाला रंग लावायचा म्हणजे बॉयलरला लावायचा असं वाटतं. तसं नाही. बॉयलरभोवती उष्णता धरून ठेवणारा थर असतो, सुरुवातीला लाकडी पट्ट्यांचा, नंतर अॅस्बेस्टॉसचा. त्यावर पातळ पत्र्याचा अंगरखा. रंग बसतो तो त्या अंगरख्यावर. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत काही वर्षं तर हा पत्रा रंगवतच नसत. रशियात एक खास घडवलेला चमकदार पत्रा मिळायचा, निळसर करड्या झाकेचा. तो तसाच बसवायचा आणि तेलाने पुसत राहायचं. बाकीच्या ठिकाणी जे रंगकाम व्हायचं, त्याची पद्धत वाचताना मी अक्षरशः एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचली आहे, कारण ते काम माझं आहे. आधी लोखंड स्वच्छ करायचं. मग शेंदराचा किंवा सफेत्याचा हात, बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, कालवून. मग लांबी भरायची, रिव्हेटच्या कडा, सांधे, ओतीव भागांचे खड्डे. मग करड्या रंगाचे भराव हात, एकावर एक. ते वाळले की प्यूमिसचा दगड आणि पाणी घेऊन घासायचं, हाताला काचेसारखं लागेपर्यंत. त्यानंतर खऱ्या रंगाचे दोन हात. मग रेघा. आणि मग व्हार्निशचे दोन-तीन थर, प्रत्येक थराला वाळायला पुरता वेळ देऊन, धूळ उडणार नाही अशा बंद जागेत. जवसाच्या तेलाचा रंग सावकाश वाळतो, घाई केली की सुरकुततो. एका इंजिनाला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. विसाव्या शतकात नायट्रोसेल्युलोजचे फवारणीचे रंग आले आणि हे सगळं तासांवर आलं. मीही फवारणीच करते. पण घासलेल्या भरावावर ब्रशने चढवलेल्या रंगाला जी खोली असते ती फवाऱ्याला येत नाही, हे मी गिऱ्हाईक समोर असतानाही सांगते.

पुढचा स्मोकबॉक्स हा वेगळाच विषय. त्याला पत्र्याचा अंगरखा नसतो. आतून गरम राख आणि वायू, बाहेरून वारा-पाऊस. साधा रंग तिथे करपून पापुद्रे धरतो. म्हणून अमेरिकेत ग्राफाइट, म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिसं, तेलात कालवून तिथे चोळायचे. तेल जळून जायचं, ग्राफाइट लोखंडाला धरून राहायचं, आणि अख्ख्या काळ्या इंजिनाचं तोंड रुपेरी करडं दिसायचं. जुन्या अमेरिकन इंजिनांचे फोटो बघताना पुढचा भाग फिका का, असं वाटलं असेल तर त्याचं उत्तर हे. रंगारी म्हणून मला हा उपाय फार आवडतो, कारण जी उष्णता बाकीच्या रंगांना मारते तिलाच त्याने कामाला लावलं आहे.

आणि रेघा. इंग्लंडातल्या प्रत्येक कंपनीची रंगाची शान वेगळी होती. ग्रेट वेस्टर्नचा गर्द हिरवा, धुराड्याच्या डोक्यावर तांब्याची कड. मिडलँडचा किरमिजी. कॅलेडोनियनचा निळा. लंडन-ब्रायटन लाइनीवर विल्यम स्ट्राउडली नावाचा मुख्य इंजिनियर होता, 1870 ते 1889. त्याची इंजिनं हळदीच्या अंगाने जाणाऱ्या सोनेरी पिवळ्या रंगाची, आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेने रेघांची चौकट, दोन-तीन रंगांची. त्या चौकटी हाताने, लांब केसांच्या ब्रशने ओढलेल्या. अशी रेघ ओढताना श्वास आत घेऊन थांबवावा लागतो, आणि रंग इतका पातळ हवा की ब्रशमधून आपोआप उतरेल, इतका दाट हवा की ओघळणार नाही. कोपऱ्यावरचं वळण सगळ्यांत अवघड. अण्णा म्हणायचे, सरळ रेघ हाताने येते, वळण खांद्यातून येतं. स्ट्राउडलीच्या ग्लॅडस्टन या 1882 च्या इंजिनाचे रंगीत फोटो मी त्यांना त्यांच्या शेवटच्या आजारपणात दाखवले होते. त्यांनी बराच वेळ फक्त कोपरे पाहिले.

स्ट्राउडलीने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती त्याच्या रंगापेक्षा मोठी वाटते. इंजिन ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचं नाव त्याने केबिनमध्ये सोनेरी अक्षरांत रंगवायला लावलं. ज्या लोखंडावर तुमचं नाव लिहिलंय ते घाण ठेवून तुम्ही घरी कसे जाल?

तात्यांच्या बोलण्यातही हेच यायचं. आपल्याकडे वाफेच्या काळात बरीच इंजिनं ठरावीक ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीला दिलेली असायची. मग ती जोडी स्वतःच्या खिशातून पितळ चमकवायला ब्रासो आणायची, नसेल तर विटेची वस्त्रगाळ पूड आणि तेल. खंडेनवमीला इंजिनाला झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, पुढे नारळ. फोरमन येऊन रॉडच्या मागच्या बाजूने, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, पांढरा रुमाल फिरवून बघायचा. "फुडली बाजू कोनबी पुसतंय," तात्या म्हणायचे. मग ती जोडपद्धत मोडत गेली. इंजिन मोकळं असेल ते घ्या, असं झालं. हिशेबाने ते बरोबर होतं, इंजिन शेडमध्ये उभं राहण्यापेक्षा धावलेलं बरं. पण आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं झालेलं इंजिन पुसायला कुणाचा हात वळेना. रंग तोच, रॉकेल तेच, माणसं तीच. इंजिनं मात्र काळवंडली. हे फक्त मिरजेत झालं नाही, जिथे जिथे इंजिनं सामायिक झाली तिथे तिथे झालं.

अमेरिकेत रंग उतरायला सुरुवात त्याच्याही आधी झाली. 1870 नंतरच्या दशकांत तिथल्या कंपन्यांनी नक्षी, पितळ, सोनं एकेक करून काढून टाकलं. लाकडाऐवजी दगडी कोळसा आला, त्याची काजळी कसलाच रंग टिकू देईना, आणि इंजिनांची संख्या एवढी वाढली की प्रत्येकावर महिनाभर ब्रश चालवणं परवडेना. काळा रंग स्वस्त, काजळी लपवणारा, डागडुजीला सोपा. मी या निर्णयाला नावं ठेवत नाही. धंद्यात मीही दहा पंपांना एकच करडा रंग मारते. पण काळ्याची दुसरी बाजू ही, की तो घाण लपवतो तसा झिरपेचा ओघळही लपवतो. म्हणून काळं इंजिन हिरव्यापेक्षा जास्त पुसायला हवं, आणि प्रत्यक्षात ते कमी पुसलं गेलं.

पुसण्याच्या पद्धतीही बदलल्या. बोळ्याच्या जागी वाफेची नळी आली, तेल-साबण-पाण्याचं मिश्रण हवेच्या दाबाने मारायचं आलं. मोठ्या दुरुस्तीला सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या कढत हौदात बुडवून काढू लागले. त्याने वर्षांची साय तासाभरात निघते. तोच सोडा रंगाच्या पत्र्यावर गेला तर व्हार्निश मरतं, म्हणून अंगाला सौम्य, चाकांना कडक, असा हात राखावा लागे.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि शेड रिकामी झाली. 1943 च्या एप्रिलमध्ये आयोवातल्या क्लिंटन गावी, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या शेडमध्ये, जॅक डेलानो या सरकारी छायाचित्रकाराने काही रंगीत फोटो काढले. डोक्याला रुमाल बांधलेल्या, हातात जाड मोजे घातलेल्या बायका एका अवाढव्य इंजिनावर वाफेची नळी मारत आहेत. दुसऱ्या एका फोटोत त्या जेवणाच्या सुट्टीत बाकांवर बसल्या आहेत, तोंडावर काजळी, चेहरे थकलेले आणि मोकळे. मी ते फोटो कार्यशाळेच्या भिंतीवर लावले आहेत. उद्यमनगरात रंगाचा डबा घेऊन बाई आली की अजूनही "साहेब कुठं आहेत?" असं विचारणारे भेटतात. मग मी भिंतीकडे बोट दाखवते. त्याच 1943 साली आमच्या वळिवड्याला पोलंडहून परागंदा झालेल्या बायका-मुलांची छावणी उभी राहिली. हजारो मैलांवरून आलेल्या त्या लोकांनी शेवटचा टप्पा कापला तो याच मिरज-कोल्हापूर लाइनीवरून. त्या दिवसांत त्या गाड्यांची इंजिनं पुसणारे हात कुणाचे होते, त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे रंगाला एकदा बहर आला होता, हे सांगायला हवं. 1947 साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून डब्ल्यूपी जातीची ब्रॉडगेज इंजिनं आली, बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक असलेली. पुढच्या वीस वर्षांत अशी 755 इंजिनं झाली, त्यांतली काही आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यात. त्या नाकावर रंगाने तारा काढायचे, मधोमध बिंदू आणि बाहेर पसरत जाणारे किरण. प्रत्येक शेडचा तारा थोडा वेगळा असायचा, किरणांची जाडी वेगळी, मधल्या गोलाची तऱ्हा वेगळी, चाकांच्या कडा पांढऱ्या. ट्रकच्या हौद्यावर मोर काढणारा आणि डब्ल्यूपीच्या नाकावर तारा काढणारा हे एकाच घराण्यातले लोक आहेत, असं मी मानते. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफ 1995 च्या अखेरीस संपली आणि ते तारेही संपले.

तात्या तेव्हा निवृत्त झाले होते. शेवटी ते डिझेलवर होते. डिझेल चांगलं, हात स्वच्छ राहतात, म्हणायचे. पण त्याच्या दारं लावलेल्या अंगात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, ही त्यांची तक्रार कायम राहिली.

आता जिथे तिथे, स्टेशनांबाहेर, चौकात, बागेत, चौथऱ्यावर वाफेची इंजिनं उभी केलेली दिसतात. मी गावोगाव कामाला जाते तेव्हा मुद्दाम थांबून बघते, आणि बहुतेक ठिकाणी माझा जीव तुटतो. कुणीतरी प्रेमानेच केलेलं असतं. पण काय केलेलं असतं? गंजावर ऑइलपेंट, त्यावर पुन्हा ऑइलपेंट, दर उत्सवाला एक नवा हात. इतका जाड, की नंबर प्लेटवरचे आकडे बुजलेत. चाकं भडक लाल. आणि रॉड, जे आयुष्यभर उघडे आणि तेलात न्हालेले राहिले, ते अॅल्युमिनियम पेंटने चंदेरी केलेले. त्या चंदेरीखाली गंज सुखाने वाढतो. दोन पावसाळ्यांत फुगे येतात, मग कंत्राटदार फुग्यांवरून ब्रश फिरवतो.

रंगवायचंच असेल तर आधी जुने थर खाली लोखंडापर्यंत उतरवा. पत्र्यांना रेड ऑक्साइड, लांबी, घासणं, मग रंग. खालच्या बाजूला पाणी साठतं तिथे भोकं मोकळी ठेवा, नाहीतर सगळं काम एका पावसात वाया जातं. धुराड्यावर टोपण घाला. स्मोकबॉक्सला चकचकीत इनॅमल नको, काळा मॅट चालेल, ग्राफाइट आणि बेलतेल मिळालं तर फारच उत्तम. पितळेची अक्षरं रंगाखालून बाहेर काढा. रॉडवरचा चंदेरी रंग थिनरने उतरवून पॉलिश पेपर मारा आणि तेलाचा हात द्या, पावसाळ्यात ग्रीसचा. आणि शेजारचा रिक्षावाला असो, स्टेशनातला पोर्टर असो, गावातला एखादा निवृत्त फिटर असो, इंजिन एका माणसाच्या नावावर करा, आणि ते नाव केबिनमध्ये रंगवून घ्या. अक्षरं काढायला मी येईन, त्याचे पैसे नकोत. बाकी खर्च म्हणजे आठवड्याला त्याचे दोन तास, थोडं रॉकेल, थोडं तेल आणि मूठभर कॉटन वेस्ट.